परिणामग्रस्त

निष्कर्ष

संशोधनावर खर्च झालेल्या सरकारी पैशाचा या भागातील उद्योगांवर व रोजगारावर लक्षणीय परिणाम झाला आहे.

हे वाक्य सरासरीरावांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, कारण साहेबांनी तसं सांगितलं होतं.

"निष्कर्ष आधी लिहून टाका," साहेब म्हणाले. "एकदा निष्कर्ष ठरला की आकडे आपापल्या जागी येऊन बसतात. आधी आकडे गोळा केलेत तर ते कुठेही बसतात, मग उठवता उठत नाहीत."

साहेब वयाने सरासरीरावांपेक्षा बरेच लहान होते. त्यांची सारखी बदली व्हायची, त्यामुळे कुठल्याच गावाच्या आकड्यांशी त्यांचं वैर नव्हतं आणि मैत्रीही नव्हती.

प्रस्तावना

सरासरीराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. प्रादेशिक नियोजन कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या टेबलावर त्यांनी निम्मं आयुष्य काढलं होतं आणि त्या काळात त्यांना प्रत्येक वाक्य 'सरासरीने बघायला गेलं तर' असं सुरू करायची खोड लागली होती. ऑफिसात ती खपून जायची. बाहेर खपत नसे. एकदा त्यांनी भाजीवाल्याला "सरासरीने बघायला गेलं तर तुमचे टोमॅटो बरे आहेत" असं मनापासून सांगितलं आणि भाजीवाल्याने पुढे कित्येक दिवस त्यांच्याकडे पाठ करून वजन केलं. मग नाव पडलं. त्यांनीही ते निमूटपणे अंगाला लावून घेतलं, कारण त्यांची उंची, चष्म्याचा नंबर आणि संसार, सगळंच त्या नावाला शोभण्यासारखं होतं.

आता विषय. गावाच्या टोकाला, जिथे बस वळते, तिथे एक लांबट करडी इमारत आहे. पाटीवर 'आसंजक पदार्थ संशोधन संस्था' असं लिहिलंय. आसंजक म्हणजे चिकटवणारं, हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे आणि वारा पडला की तिथून वास येत असल्यामुळे सगळे तिला डिंकघर म्हणतात. डिंकघरातली माणसं दोन वस्तू एकमेकींना चिकटवतात आणि त्या कधी सुटतात याची वाट बघतात. यासाठी सरकार बरीच वर्षं पैसा ओतत होतं. आणि आता वरच्या खात्याला प्रश्न पडला होता, की या पैशामुळे आजूबाजूच्या कारखान्यांचं, दुकानांचं काही भलं झालं का? कोणाला नोकऱ्या लागल्या का? झालं असेल तर डिंकघराला दुसरी इमारत आणि नव्या जागा. नसेल तर कुलूप.

हे मोजायचं काम साहेब बाहेरच्या एका कंपनीला देणार होते. तेवढ्यात सरासरीराव उभे राहिले. इतक्या जोरात, की खुर्ची मागे पडली.

"साहेब, मी करतो," ते म्हणाले.

ऑफिसात कोणी आपण होऊन काम मागितल्याचा तो पहिलाच प्रसंग होता. शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंनी नंतर त्यांना हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

(हे प्रकरण अहवालात नाही)

घरी सगळं ठीक होतं. हीच तर अडचण होती. घर इतकं ठीक होतं, की आणून ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी त्याच जागी सापडायची.

सरासरीरावांची मुलगी डिंकघरात शिकली. सरकारी पैशातून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर तिने तिथे ओल्या पृष्ठभागावर चिकटणाऱ्या डिंकाचा अभ्यास केला. त्या काळात घरातले चमचे, बशा, कधीकधी तर सरासरीरावांचा चष्माही न्हाणीघराच्या भिंतीला चिकटलेला सापडायचा आणि ते दाराबाहेरून ओरडायचे, "अगं, मी ऑफिसला जाऊ की नको?" मग तिचा अभ्यास संपला. इथे जागा नव्हती. दूरच्या एका शहरात होती. ती गेली, आणि चष्मा रोज जागच्या जागी मिळू लागला.

दर रविवारी तिचा फोन यायचा. अशाच एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, दुसरी इमारत होणार आहे म्हणे. तिथे जागा निघाल्या तर येईन की मी."

सरासरीराव सांख्यिकीतले. 'तर' हा शब्द किती वजन पेलू शकतो हे त्यांना चांगलं कळत होतं. तरीही फोन ठेवल्यावर त्यांनी तिच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल उचलून बाहेर आणलं. मग जुने पंखे, मग खोकी.

"हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"खोली मोकळी असलेली बरी. सरासरीने बघायला गेलं तर."

संध्याकाळी त्यांना मुलीची गादी बायकोने गच्चीवर उन्हात घातलेली दिसली.

कार्यपद्धती

वरून आलेली नमुना प्रश्नावली इतक्या अवघड भाषेत होती, की ती भरण्यासाठीच एखाद्याला शिष्यवृत्ती द्यावी लागली असती. सरासरीरावांनी ती बाजूला ठेवली आणि स्वतःच्या हाताने सोपी केली. मुख्य प्रश्न असा उतरला: 'डिंकघरातल्या संशोधनाचा तुमच्या उद्योगावर परिणाम झाला आहे का? असल्यास किती?'

वाक्य त्यांना फार आवडलं. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"परिणाम कशाला?" ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

"ते मला विचारू नका. पण आमच्या मावशीच्या डोक्यावर परिणाम झाला होता, तेव्हापासून तो शब्द मला नको वाटतो."

"अगं, हा शास्त्रीय शब्द आहे."

"तिलाही शास्त्रीयच झाला होता. डॉक्टरांनीच सांगितलं."

सरासरीराव हसले. संशोधनाच्या इतिहासात अशा हसण्यांची कोणी नोंद ठेवलेली नाही, पण ठेवायला हवी होती.

नमुना

पहिली भेट खोकीवाल्यांची. पुठ्ठ्याची खोकी बनवणारी लांब शेड, आत पंख्याच्या वाऱ्यावर उडणारे कागदाचे तुकडे, आणि मालक टेबलाशी चहा पीत बसलेले. सरासरीरावांनी घसा साफ करून प्रश्न वाचला. मालकांनी कप खाली ठेवला.

"परिणाम? आमच्यावर? कोण म्हणालं?"

"कोणी म्हणालं नाही. मी विचारतोय."

"नाही हो. आम्ही सगळे ठणठणीत आहोत." मग त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, सरकारातून आलेत. आपल्यावर परिणाम झालाय का विचारतायत."

आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "समोरच्यांनीच सांगितलं असणार. त्यांना दुसरं काम काय?"

सरासरीरावांनी आजूबाजूला पाहिलं. एका कोपऱ्यात पिवळ्या डिंकाचे डबे रचलेले होते. "हा डिंक कुठला?" त्यांनी विचारलं.

"हा होय? हा तिथलाच, डिंकघराचा. त्यांनीच बनवायला शिकवला. पावसात खोकं भिजलं तरी सुटत नाही. ह्याच्यामुळे तर आम्हाला बाहेरगावची कामं मिळतात. दोन माणसं जास्तीची ठेवावी लागली."

सरासरीरावांचे डोळे भरून यायचे तेवढे राहिले. "अहो, यालाच तर परिणाम म्हणतात."

"छे छे," मालक उभेच राहिले. "परिणाम काही नाही. तसलं काही लिहू नका, साहेब. आमच्या मुलीचं जमतंय एका ठिकाणी. त्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील?"

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, सरासरीरावांचं पेन घेऊन, 'नाही' वर भलीमोठी खूण केली.

पुढचं सगळं याच चालीवर गेलं. लेबलं छापणारा म्हणाला, यंत्रावर परिणाम झाला होता, पण ते उंदरांमुळे. शिंप्याने प्रश्न नीट ऐकून घेतला आणि म्हणाला, "माझा उद्योग नाही, दुकान आहे. उद्योग आमचा मुलगा करतो, दिवसभर. त्याचा परिणाम सगळ्या गल्लीवर झालाय. ते लिहायचं असेल तर बसा, वेळ लागेल." न्हाव्याकडे मात्र सरासरीरावांना मोठी आशा होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात दिलेलंच आहे: शास्त्रज्ञ आले, की शास्त्रज्ञांचे केस येतात, केस आले की न्हाव्याला मदतनीस लागतो. एका नोकरीतून दुसरी नोकरी.

"डिंकघरातली माणसं?" न्हावी कैची थांबवून म्हणाला. "सगळी टकली. येतात तेव्हा डोकं भरलेलं असतं. दोन-तीन वर्षांत साफ. काय कापू मी?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून म्हणालं, "विचार करून करून होतं ते."

"मग विचार करायला दुसरीकडे पाठवा म्हणावं."

महिन्याअखेर हिशेब केला. 'परिणाम झाला' असं म्हणणारा एकही उद्योग नव्हता. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर निष्कर्ष, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यासारखा, हात धुऊन बसला होता.

(साहेबांचा शेरा: आकडे अजून बसलेले दिसत नाहीत. बघावे.)

अडचणी

सरासरीरावांच्या वरच्या मजल्यावर विमाकाका राहत. आयुष्यभर विमा विकून ते निवृत्त झाले होते आणि आता तेच ज्ञान जिन्यात फुकट वाटत. सरासरीराव खाली मान घालून चढताना दिसले, की त्यांना आपोआप दार उघडायची बुद्धी व्हायची.

"चेहरा का असा?" विमाकाकांनी विचारलं.

सरासरीरावांनी सांगितलं. सांगायला नको होतं. पण माणूस महिनाभर लोकांकडून 'नाही' ऐकून आला, की कोणी 'चेहरा का असा' एवढं विचारलं तरी त्याला भडाभडा बोलावंसं वाटतं.

"तुमचं चुकतंय कुठे सांगू?" विमाकाका कठड्यावर रेलून म्हणाले. "परिणाम म्हणजे नुकसान. बरोबर? नुकसान झालं असं फुकटात कोण कबूल करेल? माझी सगळी गिऱ्हाइकं फॉर्म भरताना पैलवान असायची. पैसे मागायला आली की एकेकाला धड उभं राहता यायचं नाही. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की नोंद करून ठेवलेली बरी. पुढे कधी काही मिळालंच तर."

"पण काही मिळणार नाहीये."

"मी कुठे म्हणालो मिळणार आहे? मी 'तर' म्हणालो."

सरासरीरावांनी असलं काही करायला साफ नकार दिला. सरकारी माणसाला शोभत नाही, असं सांगून ते घरात गेले. ही त्यांची तत्त्वनिष्ठा विमाकाकांनी जिन्यात उभ्या उभ्या पाहिली, तिच्याबद्दल त्यांना आदर वाटला, आणि ते स्वतःच खाली उतरून गल्लीत सांगत सुटले.

अडचणी (पुढे चालू)

सकाळी सरासरीराव दूध घ्यायला दार उघडतात तर जिन्यात रांग.

पहिला न्हावी. त्याने बसायच्या आधीच सांगितलं, "लिहा. डिंकघरामुळे टकलं वाढली, धंदा बसला. परिणाम." शिंपी आला: वासामुळे डोकं जड होतं, माप चुकतं, गिऱ्हाइकाच्या विजारी आखूड होतात. लेबलवाल्याच्या उंदरांना आता डिंकाची चटक लागली होती. एक बाई दारात उभी राहून म्हणाली, "माझं दुकान नाही. पण माझा नवरा संध्याकाळी घरी आला की बोलतच नाही. डिंकघराच्या बाजूला कामाला जातो. काही असेल का?" सरासरीरावांनी सांगितलं, की हे संशोधनाच्या कक्षेत येत नाही. ती म्हणाली, "तरी लिहून ठेवा. कुठेतरी लिहिलेलं असू दे." त्यांनी लिहिलं.

सगळ्यात शेवटी खोकीवाले आले, इकडेतिकडे बघत.

"तुम्हाला तर दोन माणसं जास्तीची ठेवता आली," सरासरीराव म्हणाले.

"तेच तर. त्यांना सांभाळायचं कोणी? डोक्याला ताप. परिणामच की हो."

चार-आठ दिवसांत जिन्यातली रांग रस्त्यावर आली, आणि रस्त्यावर आलेल्या रांगेचं जे होतं तेच झालं: तिची समिती झाली. परिणामग्रस्त संघर्ष समिती. अध्यक्ष न्हावी, कारण दिवसभर सगळ्यांची डोकी त्याच्याच हातात असायची. फलक शिंप्याने शिवला. मागणी एकच होती आणि ती त्यांनी डिंकघराच्या फाटकासमोर उभं राहून मोठ्या आवाजात वाचली: दुसरी इमारत होईल तेव्हा प्रत्येक परिणामग्रस्त कुटुंबातल्या एकाला तिथे नोकरी.

फाटकाच्या आत दोन शास्त्रज्ञ उभे होते. दोघेही खरोखरच टकले होते. गर्दीतून एक समाधानाचा हुंकार उठला.

तुलना

साहेबांना हे सगळं आवडलं, पण पुरतं नाही. "लक्षणीय आहे," ते कागद चाळत म्हणाले. "पण डिंकघरामुळेच झालं कशावरून? वरचे विचारतील. तुलना लागेल. असं गाव शोधा जे सगळ्या बाबतीत आपल्यासारखं आहे, फक्त तिथे डिंकघर नाही."

असं गाव दोन तासांच्या रस्त्यावर होतं. सरासरीराव बसने गेले. उतरले आणि क्षणभर त्यांना वाटलं, आपण वर्तुळात फिरून परत आलो. तोच बाजार, तीच पाण्याची टाकी, तसाच न्हावी. फक्त टोकाला, बस वळते तिथे, करडी इमारत नव्हती. गवत होतं.

ते पत्ता विचारायला म्हणून एका हार्डवेअरच्या दुकानात शिरले. गल्ल्यावर त्यांच्याच वयाचा माणूस, आणि शिडीवर एक मुलगी. त्याची मुलगी, हे सांगायची गरज नव्हती. दोघांचं भांडण चाललं होतं.

"बाबा, दीड इंची स्क्रू तिसऱ्या खणात असतात. कितीदा सांगू?"

"मी लावले तेव्हा दुसऱ्यात होते."

"तुम्ही लावले तेव्हा मी शाळेत होते."

"मग? स्क्रूंना शाळा असते का?"

मुलगी शिडीवर हसली. बापाने हसू दाबलं आणि उगाच पावतीपुस्तक उघडून बसला. सरासरीराव उंबऱ्यात उभे होते. त्यांना काहीतरी विचारायचं होतं ते आता आठवत नव्हतं. पुस्तकात याला नाव आहे: जे झालं ते झालं नसतं, तर जे असतं ते. अभ्यासात ते कधी डोळ्यांनी दिसत नाही, आकड्यांतून अंदाज बांधावा लागतो. इथे ते शिडीवर उभं होतं आणि बापाशी स्क्रूवरून वाद घालत होतं.

"काय हवंय?" दुकानदाराने विचारलं.

"दीड इंची स्क्रू," सरासरीराव म्हणाले.

ते मिळाल्यावर त्यांनी एक इंचीही मागितले. मग कडी. मग बिजागरी. प्रत्येक वस्तूगणिक नवा वाद व्हायचा आणि ते ऐकत राहायचे. शेवटी मागण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी नाइलाजाने आपण कोण ते सांगितलं.

मुलगी भराभर खाली उतरली. "काका, ती संस्था आमच्याकडे कधी येणार? मला तिथे शिकायचंय. इथे काहीच होत नाही हो. मी कायमची ह्या शिडीवर राहणार."

"बघा," बाप म्हणाला, पण हळू आवाजात. "शिडी घरची आहे. पडली तर मी आहे खाली."

"तेच तर म्हणतेय ना, बाबा."

सरासरीरावांना दोघांचंही पटलं. त्यामुळे कोणाचीच बाजू न घेता, स्क्रूंची पिशवी घेऊन ते बसला उभे राहिले.

इकडे दुकानदाराने त्यांचं येणं बाजारात सांगितलं. बाजाराचा अपमान झाला. 'आमच्याकडे संशोधन नाही हे बघायला माणूस पाठवतात?' आठवड्याभरात तिथे परिणामवंचित संघर्ष समिती स्थापन झाली. आमच्यावरही परिणाम झालाच पाहिजे, अशी तिची मागणी होती.

(साहेबांचा शेरा: तुलना उत्तम. दोन्हीकडे असंतोष सारखाच. छापावे.)

परिणामग्रस्तांतील एक

घरी बायकोने डोकं चालवलं. तिने ते याआधी चालवलं नव्हतं असं नाही, तिला कोणी विचारलं नव्हतं.

"परिणामग्रस्त कुटुंबातल्या एकाला नोकरी ना? मग आपलं कुटुंब काय वेगळं आहे? समितीत नाव घाला."

"मी अहवाल लिहिणारा माणूस. मी कसं घालू?"

"तुमचं नका घालू. घराचं घाला."

दोन दिवस सरासरीरावांनी कायद्याची पुस्तकं चाळली. घराचं नाव घालू नये असं कुठे लिहिलेलं सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी दाढी वाढल्याचं निमित्त करून ते न्हाव्याकडे गेले. समितीचं कार्यालय दुकानातच होतं. दोन खुर्च्यांपैकी एका खुर्चीत शिंपी अर्ज तपासत बसला होता.

"बोला," अध्यक्षांनी त्यांच्या गालाला फेस लावला. "तुमच्यावर काय परिणाम झाला?"

"मुलगी गेली," सरासरीराव म्हणाले.

वस्तरा थांबला. शिंप्याने अर्ज खाली ठेवला.

"गेली म्हणजे?"

"डिंकघरात शिकली. इतकं चांगलं शिकली, की तिला लांब नोकरी लागली. म्हणून गेली."

न्हाव्याने सुटकेचा श्वास सोडला आणि दोघेही हसायला लागले. वाईट हसू नव्हतं ते. शेजारच्या माणसाचं हरवलेलं पाकीट त्याच्याच खिशात सापडल्यावर हसतात तसं होतं.

"अहो, घाबरवलंत की," शिंपी म्हणाला. "तो परिणाम नव्हे. ते चांगलं झालं."

"हो ना," न्हावी म्हणाला. "चांगलं झालं त्याची नोंद कशाला?"

फेस लावलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. सरासरीरावांनी आरशात पाहिलं. चांगलं झालं होतं, हे त्यांनाही मान्य होतं. तिचं बघायला गेलं तर फार चांगलं. त्यांचं बघायला गेलं तर फार वाईट. या दोघांची सरासरी काढली की काहीच झालं नव्हतं, आणि आरशातला माणूस तसाच दिसत होता: ज्याला काहीच झालेलं नाही असा.

दाढी मात्र न्हाव्याने सुंदर केली.

रोजगार

अहवाल वर गेला. वरच्यांनी तो वाचला असावा, कारण उत्तर आलं.

निष्कर्षातला एक स्वल्पविरामही बदलावा लागला नाही, असं साहेबांनी अभिमानाने सांगितलं. परिणाम लक्षणीय होता हे सगळ्यांना पटलं होतं. इतकं पटलं, की दुसरी इमारत मंजूर झाली. तिच्यात 'परिणाम निवारण कक्ष' येणार होता. एक स्वागतिका, दोन कारकून, एक पहारेकरी, एक समुपदेशक. सगळे परिणामग्रस्तांपैकी. मानद सल्लागार म्हणून विमाकाका. तुलनेच्या गावाला, तिथे अजून काही परिणाम झालेला नसला तरी पुढे झालाच तर असावा म्हणून, उपकक्ष. संशोधन मात्र तूर्त थांबवायचं ठरलं, कारण संशोधन चालू राहिलं तर परिणाम होतच राहील.

"म्हणजे शास्त्रज्ञांच्या जागा?" सरासरीरावांनी विचारलं.

"त्या कशाला?" साहेब म्हणाले. "रोजगार निर्माण झाला ना? तेच मोजायचं होतं. आणि अहो, तुम्ही मागे खोकीवाल्याच्या दोन कामगारांचं एक पान जोडलं होतं, ते मी काढलं. विषयाला सोडून होतं."

सरासरीराव म्हणाले, "साहेब, तेवढंच एक पान विषयाला धरून होतं."

हे ते मनात म्हणाले असते तर त्यांची नेहमीची प्रथा पाळली गेली असती. पण ते मोठ्याने म्हणाले होते. टायपिस्टबाईंनी टाइप करणं थांबवलं. साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला आणि ते सरासरीरावांना म्हणाले, "तुम्ही रजा घ्या थोडे दिवस. या कामाचा तुमच्यावर परिणाम झालेला दिसतोय."

परिशिष्ट

रविवारी फोन आला तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती आणि सरासरीराव मुलीच्या खोलीत. तिथे आता काही सामान नसल्यामुळे आवाज घुमायचा.

"बाबा, ऐका ना. इथे मला कायम करतायत. उद्या सही करायची आहे. सही केली की मध्येच सोडता येणार नाही." मग तिने विचारलं, "त्या इमारतीचं काय झालं? थांबू का?"

सरासरीरावांना 'थांब' म्हणता आलं असतं. स्वागतिकेची जागा अजून भरली नव्हती. विमाकाका सल्लागार होते, शब्द टाकता आला असता. चार-सहा महिने नुसत्या 'बघू या'वर काढता आले असते. सरकारी माणसाला ते अंगवळणी असतं. ती थांबली असती. त्यांच्या सांगण्यावर ती नेहमी थांबायची, रस्ता ओलांडतानासुद्धा.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "इमारत होणार, पण तुझ्या कामाचं तिथे काही नाही. सही कर."

"नक्की?"

"नक्की. चांगलं झालं हे."



"तुमचा आवाज असा का येतोय?"

"खोली मोकळी आहे."

"माझी? का?"

"रंग द्यायचा होता," सरासरीराव म्हणाले. आयुष्यभर आकड्यांत राहिलेल्या माणसाला खोटं नीट जमत नाही. ते नेहमी भूतकाळात निसटतं.

तिला कळलं असावं. कारण तिने आवाज उगाच हलका केला, लहानपणी गुडघा फुटला की करायची तसा. "बरं मग, करते सही. आणि नाही तरी सुट्टीत येतेच की मी. दर रविवारी बोलतोच आपण. तिथे असले काय, इथे असले काय, असा काय फरक पडतो, बाबा?"

"पडतो," सरासरीराव म्हणाले.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली, हात पुसायचे राहून गेलेले. इतक्या वर्षांत आपल्या नवऱ्याने असं काही एका शब्दात, पुढेमागे सरासरी न जोडता, कबूल केलेलं तिने ऐकलं नव्हतं.

मग फोनवर मुलीने विचारलं, अगदी लहान आवाजात, "किती?"

सरासरीराव खिडकीकडे वळले. मोकळ्या जमिनीवर इस्त्रीच्या टेबलाच्या चार पायांच्या खुणा होत्या, त्यांच्यामध्ये ते उभे होते.

"मोजतोय," ते म्हणाले.